सदाफुलीचा पाला आणि रक्तातील साखर



गटात फिरताना लागणीच्या जोडीने हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, सदाफुलीची पानं खाल्ली तर शुगर उतरते का हो?" काहींनी तर गोळ्या बंद करून पानांचा रस सुरू केला आहे. साखर कारखान्याच्या अंकात साखरेच्या रोगावर लिहितो म्हणून हसाल, पण लिहिणे भाग आहे.

वनस्पतीचा अर्क प्राण्यांवर तपासणे हे आपल्या चाचणी प्लॉटसारखेच. उंदीर किंवा सशांना अलॉक्सान टोचतात. त्याने स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशी मरतात आणि साखर चढते. मग काहींना अर्क, काहींना नुसते पाणी. शेजारी बिनखताची सरी ठेवल्याशिवाय खताचा गुण कळतो का? तसेच हे. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, पोटात दिला की टोचला, यानेही निकाल बदलतो.

सदाफुलीची हकिकत तर नवलाचीच. जमैका बेटावर लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. १९५२ साली तिथली पाने कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. अर्क तोंडाने देऊन पाहिला, साखर हलली नाही. शिरेतून टोचला, तर उंदीर काही दिवसांतच जंतुसंसर्गाने मरू लागले. बघतात तो रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटलेल्या! पुढे नोबल आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर यांनी पानांतून व्हिनब्लास्टीन वेगळे काढले व १९५८ साली जाहीर केले. आज ते कर्करोगावरचे औषध आहे. याच झाडातले व्हिन्क्रिस्टीन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. शोधायला गेले एक आणि हाती लागले भलतेच.

नंतर आपल्या देशातील प्रयोगांत अलॉक्सान दिलेल्या सशांची साखर पानांच्या रसाने उतरली, हेही सांगितले पाहिजे. पण तो हिशेब ठरावीक मात्रेचा आणि काही तासांचा. आपण रोज सकाळी मूठभर पाला वाटणार. उसाचा उतारा रानागणिक, महिन्यागणिक बदलतो, मग अंगणातल्या पानात कोणते द्रव्य किती, हे कोण मोजणार? पांढऱ्या पेशी मारणारी द्रव्येही त्याच पानात आहेत. जनावरेसुद्धा सहसा या झाडाला तोंड लावत नाहीत.

रस घेत असाल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. इन्सुलिन किंवा गोळी मनाने बंद करू नका. आणि दोन्ही चालू असताना रात्रपाळीच्या पाण्याला उपाशीपोटी जाऊ नका. साखर एकदम खाली गेली तर घाम सुटतो, हातपाय कापतात, भोवळ येते. अशा वेळी गुळाचा खडा खिशात असू द्या.

— ऊस विकास अधिकारी