अहवाल निर्दोष, थकवा मात्र कायम

पहाटे पाचला उठून पाणी, स्वयंपाक आणि मुलांची शाळा सांभाळणारी, नंतर दिवसभर शेतात वा कार्यालयात राबणारी गृहिणी काही महिन्यांपासून थकलेली असते. झोप होऊनही सकाळी अंग जड वाटते, जिना चढताना दम लागतो, केस गळतात. कोणी सुचविते, "थायरॉईड तपासून घ्या." तपासणी होते आणि अहवाल निर्दोष येतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. थकवा मात्र जात नाही. "अहवाल तर चांगला आहे, मग तुला झालंय तरी काय?" असे बोल ऐकून ती तक्रार करणेच सोडून देते. खरा धोका येथेच आहे.

अहवालाचा अर्थ

मानेच्या पुढील भागातील थायरॉईड म्हणजेच अवटु ग्रंथी शरीरातील चयापचयाचा वेग राखते. तिचे कार्य मंदावले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. प्रौढांत हे प्रमाण साधारणतः दर लिटरमागे ०.४ ते ४ मिलियुनिट असते. प्रयोगशाळेनुसार त्यात थोडा फरक पडतो व गर्भारपणात मर्यादा वेगळ्या असतात. पीयूषिका ग्रंथीचाच विकार असल्यास केवळ या एका तपासणीवर विसंबता येत नाही. परंतु असे रुग्ण थोडे. बहुतांश व्यक्तींच्या बाबतीत निर्दोष अहवालाचा अर्थ इतकाच, की थकव्याचे कारण अन्यत्र शोधावयास हवे. त्रास काल्पनिक आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे.

प्रथम रक्तक्षयाचा विचार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असणे म्हणजे रक्तक्षय होय. दम लागणे, केस गळणे व थकवा ही लक्षणे यातही दिसतात. काही स्त्रियांत हिमोग्लोबिन पुरेसे असूनही शरीरातील लोहाचा साठा आटलेला असतो. तो फेरिटिनच्या तपासणीने कळतो.

लोहाची गोळी घेणे आवश्यक असले, तरी लोह का घटले हेही पाहिले पाहिजे. मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव, जंत व अपुरा आहार ही नेहमीची कारणे होत. पुरुषांत वा पाळी गेलेल्या स्त्रियांत रक्तक्षय आढळल्यास पचनमार्गातून रक्तस्राव होत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. जेवणासोबतच्या चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते. लिंबू वा आवळा घेतल्यास ते अधिक शोषले जाते.

अन्य कारणे

शाकाहारी व्यक्तींत, तसेच मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव संभवते. मधुमेह, क्षयरोग, मूत्रपिंड वा यकृताचे विकार यांचीही सुरुवात थकव्याने होऊ शकते. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या व मध्येच श्वास अडखळणाऱ्या व्यक्तीस रात्रभर झोपूनही विश्रांती मिळत नाही. नैराश्यातही शरीर थकते. तो आजारच आहे, दुबळेपणा नव्हे. त्यासाठी १४४१६ या 'टेलि-मानस' दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो. सहा महिन्यांहून अधिक टिकणारा, विश्रांतीने न हटणारा व थोड्या श्रमानंतरही बळावणारा थकवा हा एक स्वतंत्र विकारही असू शकतो. त्यात बळेबळे व्यायाम केल्यास त्रास वाढतो.

काय करावे, काय टाळावे

डॉक्टरांकडे पुन्हा जाण्यापूर्वी एका वहीत नोंद करावी: थकवा केव्हापासून आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी अधिक जाणवतो, झोप कशी आहे, पाळीत रक्तस्राव किती होतो, कोणती औषधे चालू आहेत. जुने अहवाल सोबत न्यावेत. हिमोग्लोबिन व रक्तातील साखर या तपासण्यांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रातही आरंभ करता येतो. वजन घटणे, सायंकाळी ताप येणे, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, पायांवर सूज वा काळे शौच यांपैकी काही आढळल्यास विलंब करू नये.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून थायरॉईडची गोळी मात्र कदापि सुरू करू नये. गरज नसता ती घेतल्याने छातीत धडधड होते व हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो.

एका निर्दोष अहवालाने एक शंका फिटते. शोध तेथे संपत नाही. दुसऱ्या तपासणीसाठी घरच्या माणसांनी तिच्यासोबत जावे आणि त्या दिवशीचा स्वयंपाकही वाटून घ्यावा. तिच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे ही उपचाराची पहिली पायरी होय.