अमेरिकेतील बालमजुरी : एका कायद्याची २० वर्षं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कापड गिरण्यांत, कोळशाच्या खाणींत लहान मुलं राबत होती. न्यूयॉर्कमधले शिक्षक लुईस हाइन यांनी १९०८ मध्ये शाळा सोडली आणि या मुलांचे फोटो काढत ते गावोगाव फिरले. लोक हळहळले. १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी कायद्यावर सही केली: १४ वर्षांखालची मुलं राबवणाऱ्या कारखान्याचा माल दुसऱ्या राज्यात विकायचा नाही. पण १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. टिकणारा कायदा आला १९३८ मध्ये, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात. वर्गात मुलांना एकच गणित घाला: १९१८ मध्ये गिरणीत राबणारा १० वर्षांचा मुलगा तेव्हा किती वर्षांचा झाला असेल?