माळवदाचे ओझे

ताडकळस असो की पूर्णा, आपल्या भागात माळवदाची जुनी घरे आहेत. माळवद उन्हाळ्यात गार राहते. पण ते गळू लागले की आपण वर माती टाकतो. जुनी माती काढीत नाही. आज्याने टाकली, बापाने टाकली. थर वाढतच गेला.

आपण हिशेब करू. खोली 10 फूट लांब, 10 फूट रुंद. वर 1 फूट माती. तिचे वजन सुमारे 45 क्विंटल! पाणी मुरले की आणखी जड.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. जड माळवदे, दगडमातीच्या भिंती, सारे झोपलेल्यांवर कोसळले. हजारो माणसे गेली.

माळवद मोडा, असे आम्ही म्हणत नाही. ओझे उतरवा, असे म्हणतो. उन्हाळ्यात जाणत्या सुताराला बोलवा. तुळयांना खालून टेकू द्या. खोलीत कोणी थांबू नये. मग माती सगळीकडून सारखी उतरवा. वाळवी लागलेले लाकूड बदला. प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरा. माती वर-खाली मिळून वीतभरच ठेवा. पाण्याला उतार द्या, पन्हळ लावा.

पाणी मुरले नाही, तर दरसाल माती कशाला लागेल?

माळवद हलके, तर झोप निर्धास्त.