घरात साप निघाला तर : हाक कोणाला मारायची?



रावेर तालुका म्हणजे केळीचा मुलूख. वर सातपुडा, खाली तापी, मधे बारमाही ओल असलेले केळीचे मळे. ओल आली की बेडूक येतात, घराशेजारी सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्यांचे ढीग असले की उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप येतो. आपल्या वस्त्या बहुतेक गावाच्या कडेला, शेताला लागून आहेत आणि मळ्यात मजुरीला जाणारेही आपणच. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच धडा घेतला आहे.

आधी ओळख

आपल्याकडे दिसणारे बहुतेक साप बिनविषारी असतात : धामण, दिवड, तस्कर, कवड्या. माणसाच्या जिवावर बेतणारे मुख्य साप चार.

नाग फणा काढतो, म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. मण्यार काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे. हे पट्टे शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे पट्टे उलट, मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके; कुकरच्या शिट्टीसारखी फुस्स करते. फुरसे लहान, पण चपळ. अंग घासून करवतीसारखा आवाज काढते.

ओळख पटली नाही तर साप विषारीच समजावा. जवळ जाऊन खात्री करण्याच्या भानगडीत पडू नये.

साप घरात दिसला तर

लहान मुलं, म्हातारी माणसं आणि जनावरं आधी बाहेर काढा. एका जाणत्या माणसाने सुरक्षित अंतरावरून सापावर नजर ठेवावी, म्हणजे तो कुठल्या कोपऱ्यात गेला हे कळेल. रॉकेल, फिनेल, धूर, काठी यातलं काहीही वापरू नका. डिवचलेला सापच जास्त चावतो. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन करा. सर्पमित्राकडे ओळखपत्र मागायला संकोच करू नका. साप गळ्यात घालून फोटो काढणारा, खेळ करणारा माणूस सर्पमित्र नव्हे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप मारणं किंवा जवळ बाळगणं गुन्हा आहे. आपण तर रोज पंचशीलात प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याची शिकवण घेतो. साप उंदीर खातो, म्हणून तो शेतकऱ्याचा मजूरच आहे, आणि तोही बिनपगारी.

साप चावला तर

इथे प्रत्येक मिनिट मोलाचं आहे. रुग्णाला धीर द्या, निजवा, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला हलका बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा, कारण सूज चढते. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा.

दोरी आवळून बांधू नका, त्याने हात-पाय निकामी होऊ शकतो. जखमेला चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, बर्फ किंवा पाला लावू नका. साप पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूणही नीट दिसत नाही. डास चावला असेल म्हणून माणूस कूस बदलतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोबडी वळते, मग श्वास अडतो. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालयात न्या.

औषध एकच

सर्पविषावर औषध एकच : प्रतिसर्पविष. आपल्या देशात मिळणारं इंजेक्शन वरच्या चारही सापांच्या विषावर चालतं. ते शिरेतून देतात आणि मूल असो वा मोठा माणूस, मात्रा तीच असते. विष रक्तात भिनलं का हे पाहायला डॉक्टर काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवतात; गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष समजतात. रावेरच्या ग्रामीण रुग्णालयात जा. तिथून पुढे पाठवलं तर जळगावच्या शासकीय रुग्णालयात जाण्यात वेळ घालवू नका.

बिनविषारी साप चावलेला माणूस मंत्राशिवायही जगतो. मांत्रिकाचं नाव होतं ते त्यामुळेच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

हक्काची बाब

सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती यात येते. भूमिहीन मजूर येत नाही. मळ्यात सर्वांत जास्त वेळ वाकून काम करणारा माणूसच या योजनेबाहेर राहतो, हे ग्रामसभेत उठून बोलायला हवं.

या आठवड्यात काय कराल?

घराभोवतीचे ढीग भिंतीपासून दूर हलवा, बिळं बुजवा. खाटेवर झोपा, खाट नसेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. मळ्यात बूट घाला, पाचटात हात घालण्याआधी काठीने हलवा.

वर्षावासात आपण रात्री ग्रंथवाचनाला विहारात जमतो. पावसात पायाखाली जीव तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खू एका जागी राहत, हे आपण जाणतो. आपणही बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. आणि विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : वनविभाग १९२६, रुग्णवाहिका १०८, जवळच्या सर्पमित्राचा नंबर आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोघांची नावं. अंधारात घाबरलेल्या माणसाला शोधाशोध करावी लागू नये, एवढी तयारी तर आपल्या हातात आहे.