समुद्राचे मुद्दल

सागर अथांग आहे, तेव्हा त्यातील मासळीही अक्षय असली पाहिजे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती केवळ सामान्य जनांची नव्हती. १८८३ साली लंडन येथे भरलेल्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सले या नामांकित जीवशास्त्रज्ञाने असेच मत मांडले होते. आणि न संपणाऱ्या माशांत त्याने 'कॉड' या माशाचे नाव आवर्जून घेतले होते.

त्याच कॉडची पुढील कथा विचार करण्याजोगी आहे. कॅनडातील न्यू फाउंडलंडच्या समुद्रात हा मासा विपुल असे, व अनेक शतके तेथील गावे त्याच्यावरच जगली. दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्राचा तळ खरवडीत जाणारी प्रचंड ट्रॉलर जहाजे देशोदेशींहून तेथे आली. १९६८ साली एका वर्षात सुमारे ८ लाख टन कॉड पकडला गेला. १९७७ साली कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र आपल्या ताब्यात घेतले; परंतु परकी जहाजांची जागा पुढे स्वदेशी जहाजांनी घेतली. मासळी कमी झाली, लहान मिळू लागली, असे किनाऱ्यावरील कोळी सांगत होते. मोठ्या जहाजांना मात्र उरलेसुरले थवे यंत्रांच्या साहाय्याने सापडत असल्यामुळे साठा भरपूर आहे, असाच हिशेब मांडला गेला. अखेर २ जुलै १९९२ रोजी सरकारला ही मासेमारी बंद करावी लागली व सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार बुडाला. दोन वर्षांपुरती म्हणून घातलेली ती बंदी उठण्यास २०२४ साल उजाडले!

विद्यार्थिमित्रांनो, यातील तत्त्व व्यवहारातलेच आहे. समुद्रातील मासळी हे मुद्दल, आणि दरवर्षी तिची जी वाढ होते ते व्याज. व्याजापुरतेच घेतले, तर उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या चालते. मुद्दलास हात घातला की पुढील वर्षीचे व्याज घटते. ती तूट भरून काढण्यासाठी मनुष्य आणखी मुद्दल खातो, आणि हा क्रम दिवाळखोरीपर्यंत जातो.

मुद्दल राखण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, पिलांना अभय. प्रत्येक माशास निदान एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळाली पाहिजे. यासाठी जाळ्याचे आस, म्हणजे त्यातील छिद्रे, पुरेसे मोठे ठेवावयाचे, की पिले निसटून जातील. दुसरा मार्ग विणीच्या काळात विश्रांती देण्याचा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण केल्यावरच होडी लोटण्याची आपली जुनी रीत या नियमाशी किती जुळते पाहा! तिसरा मार्ग साधनांवरील मर्यादेचा. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळीस भुलवून सरसकट ओढून घेण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, ती याच हेतूने.

तथापि नियमांहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. शेताला बांध असतो, समुद्राला नाही. एकाने संयम पाळून सोडलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार असेल, तर पहिल्याने संयम का पाळावा? गोव्यात १९७० नंतरच्या दशकात हाच प्रश्न पेटला. गावकऱ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढावयाच्या रापणीवर जगणारे रापणकार एका बाजूला, आणि किनाऱ्याजवळ येऊन मासळी उपसणारे ट्रॉलर दुसऱ्या बाजूला. रापणकारांच्या चळवळीनंतर १९८० चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. म्हणून संयम सर्वांचा असावा लागतो, आणि मोडणाऱ्यास शासन असावे लागते; एरवी प्रामाणिक मनुष्यच उपाशी राहतो.

यात आपलाही वाटा आहे. बाजारात बोटाएवढी बांगड्याची पिले स्वस्त मिळतात, म्हणून आपण ती घेतो. गिऱ्हाईक आहे तोवर ती पकडली जाणारच. ती पिले टोपलीत तशीच राहू लागली, तर ती पकडण्याचा मोहही हळूहळू कमी होईल. घरी मासळी आणावयास जाल, तेव्हा एवढी गोष्ट ध्यानात ठेवा व वडीलधाऱ्यांनाही सांगा.