आधी एकके, मग सूत्र



बल आणि गती यांची गणिते म्हटली की आपल्यातील पुष्कळ मुलामुलींच्या पोटात गोळा येतो आणि या भीतीपोटी काही जण विज्ञान शाखेची वाटच सोडतात. आमचा अनुभव असा की सूत्र बहुतेकांना पाठ असते. गणित चुकते ते एककांत. म्हणून रोजच्या पाहण्यातली तीन उदाहरणे येथे सोडवू.

१. लोकल : पुणे ते लोणावळा अंतर ६४ किलोमीटर. लोकलला ८० मिनिटे लागली असे धरू. ६४ भागिले ८० म्हणजे ०.८. पण ०.८ काय? किलोमीटर दर मिनिटाला. आपल्याला हवेत मीटर आणि सेकंद. ६४,००० मीटर भागिले ४,८०० सेकंद = १३.३ मीटर प्रति सेकंद. वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला असेल तर ५/१८ ने गुणावे.

२. एस.टी. : १०,००० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने येत आहे. ब्रेक लावल्यावर ती ५ सेकंदांत थांबली. ५४ ला सरळ ५ ने भागू नका. ५४ × ५/१८ = १५ मीटर प्रति सेकंद. वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंदाने कमी झाला.
बल = वस्तुमान × त्वरण = १०,००० × ३ = ३०,००० न्यूटन, गतीच्या उलट दिशेने.
सरासरी वेग ७.५, म्हणून थांबेपर्यंतचे अंतर ७.५ × ५ = ३७.५ मीटर. पावसात रस्ता निसरडा होऊन हे बल निम्मे झाले, तर अंतर दुप्पट, म्हणजे ७५ मीटर! मावळातल्या पावसात रस्ता ओलांडताना हे गणित ध्यानात ठेवावे.

३. बोरघाट : १८६३ साली सुरू झालेल्या या रेल्वेघाटात सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. १,००० टनांची गाडी वर न्यायची, तर घर्षण सोडून किती बल हवे?
कोणी लिहितो : १,००० × ९.८ ÷ ३७ = २६५ न्यूटन. थांबा! एवढ्या बलाने जेमतेम २७ किलोचे पोते उचलता येईल. मग कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने कशाला जोडतात? चूक टनात आहे. १,००० टन म्हणजे १०,००,००० किलोग्रॅम. खरे उत्तर सुमारे २,६५,००० न्यूटन.

तेव्हा क्रम असा ठेवा : दिलेल्या राशी एककांसह लिहा, एकके बदला, मग सूत्र वापरा, आणि शेवटी उत्तर व्यवहाराला पटते का ते पाहा.

याच लोकलच्या वाटेवर देहूरोड आहे. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी पूज्य बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तथागतांचा धम्म ‘एहि पस्सिको’ आहे : या आणि स्वतः पाहा. पुस्तकातले उत्तरही तसेच पारखून घ्या. भीती आपोआप जाईल.

जय भीम! नमो बुद्धाय!