पाळीतील वेदना आणि टॅम्पॉन : लेकींचे तीन प्रश्न

काही प्रश्न इमामापर्यंत वडिलांच्या तोंडून पोहोचत नाहीत. ते आईच्या हातून, घडी घातलेल्या चिठ्ठीतून येतात. अन्सारी स्त्रिया पाळीनंतरच्या गुस्लविषयी खुद्द पैगंबरांना (स.) विचारीत. दीन समजून घेताना लज्जा त्यांच्या आड येत नसे, याचे हजरत आयशा (रजि.) यांनी कौतुक केल्याचे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. तेव्हा आपणही संकोच बाजूला ठेवू या.

प्रश्न १ : पाळीतील कळा ही शिक्षा आहे काय? गोळी घेतल्याने सब्र मोडतो काय?

नाही. सूरह बकराच्या 222 व्या आयतीत पाळीला त्रास म्हटले आहे, शिक्षा नव्हे. हजच्या प्रवासात पाळी आल्याने हजरत आयशा (रजि.) रडू लागल्या, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना समजावले की, अल्लाहने आदमच्या लेकींसाठी हे ठरविले आहे, तवाफ वगळून हजचे बाकी विधी करावेत.

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये स्रवतात. त्यांमुळे गर्भाशय आकुंचन पावते व ओटीपोटात कळा येतात. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे; डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर वेदनाशामक गोळी घ्यावी. उपचार करण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. औषध घेणे सब्रच्या विरुद्ध नाही. मात्र वेदना दरमहा वाढत असेल, शाळा बुडत असेल किंवा रक्तस्राव 7 दिवसांहून अधिक चालत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘लग्नानंतर आपोआप बरे होईल’ असे म्हणून टाळू नये.

प्रश्न २ : टॅम्पॉन वापरता येतो काय?

पाळीत कापूस वापरणे नवे नाही. सहाबियांच्या काळीही तो वापरात होता. मात्र हनफी फुकहांनी कापूस पूर्णपणे आत ठेवणे मकरूह मानले आहे. म्हणून पॅडने भागते तेथे पॅडच बरे. खरी गरज असल्यास आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावे. वापरल्यास हात धुऊन वापरावा, 4 ते 8 तासांत बदलावा. अधिक काळ राहिल्यास टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा दुर्मिळ पण जिवावर बेतणारा आजार संभवतो. अचानक ताप, उलटी, पुरळ वा चक्कर आल्यास टॅम्पॉन काढून तत्काळ रुग्णालय गाठावे.

टॅम्पॉनने रक्त बाहेर दिसेनासे झाले, तरी सुरू झालेली पाळी संपत नाही. या दिवसांतील नमाज माफ आहे. रोजे मात्र नंतर पूर्ण करावेत. हनफी मतानुसार 10 दिवसांपुढील आणि कोकणातील अनेक कुटुंबे मानतात त्या शाफई मतानुसार 15 दिवसांपुढील रक्त इस्तिहाजा ठरते. त्यात नमाज व रोजा दोन्ही फर्ज आहेत. पण रोजा असताना दिवसा टॅम्पॉन आत घालू नये, त्याने रोजा तुटतो.

प्रश्न ३ : टॅम्पॉनने कौमार्य जाते काय?

योनिपटल खेळताना, पडल्याने किंवा टॅम्पॉननेही ताणले वा फाटू शकते. त्यावरून चारित्र्य ठरत नाही. हनफी फिक्हच्या ‘हिदाया’ या ग्रंथानुसार उडी, जखम वा पाळी यांमुळे ते गेले, तरी ती मुलगी शरीअतच्या दृष्टीने कुमारिकाच राहते. आणि शीलवान स्त्रीवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्यास सूरह नूरच्या चौथ्या आयतीत 80 फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. लेकीविषयी कुजबुज करण्यापूर्वी ही आयत आठवावी.

शेवटी एक विनंती घरातील पुरुषांना. हजरत आयशा (रजि.) पाळीत असताना पैगंबर (स.) त्यांच्या मांडीवर डोके टेकून कुरआन पठण करीत. मग आपल्या घरात पाळीतली लेक कोपऱ्यात एकटी का विव्हळावी? तिला पाण्याची पिशवी गरम करून द्या, तिची विचारपूस करा. अल्लाह आपल्या लेकींना आरोग्य आणि आपल्याला समज देवो. आमीन.